माळा काढायच्या दिवशी पोराला आत्याकडं पाठवा

प्रश्न : डॉक्टर, माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, बालदमा आहे. एरवी बरा असतो पण गेली दोन वर्षं ऐन दिवाळीत रात्री दवाखान्यात पळावं लागलं. फटाके आम्ही आणतच नाही, तरी होतंय. सासूबाई म्हणतात पंपाची सवय लागेल, म्हणून बरा असला की बंद ठेवतो. यंदा किल्ला करायचा हट्ट धरून बसलाय.
– एक आई, मंगळवार पेठ

उत्तर : ताई, तुमचा पोरगा फटाक्यांच्या आधीच आजारी पडायला लागतोय बघा. दिवाळीच्या आठ दिवस आधी घरात काय चालतं आठवा, माळा उपसायचा, जळमटं काढायची, गाद्या झटकायच्या, त्यात कुणीतरी एक खोली ऑइलपेंटनं रंगवायला काढतंय आणि स्वयंपाकघरात चिवड्याच्या फोडणीचा ठसका गल्लीच्या तोंडापर्यंत. श्वासनळ्या आतून सुजत जातात, मग पहाटेच्या थंड हवेत खाली बसलेला धूर ही शेवटची काडी.

माळा काढायच्या दिवशी त्याला सकाळीच आत्याकडं पाठवा, संध्याकाळी आणा. झाडूपेक्षा ओलं फडकं. गादीतले धुळीचे किडे डोळ्याला दिसत नाहीत, नुसत्या उन्हानं सगळे जात पण नाहीत, चादरी-अभ्रे आठवड्याला ६० डिग्रीच्या गरम पाण्यात धुवा.

आता पंप. सवय लागत नाही ओ! दोन वेगळे पंप असतात आणि घोळ तिथंच होतो. रोजचा असतो तो सूज कमी ठेवतो, त्याचा पूर्ण परिणाम यायला काही आठवडे लागतात, म्हणजे धनत्रयोदशीला सुरू करून पाडव्याला उपयोग नाही. तुमच्या डॉक्टरांना आत्ताच भेटा आणि बरा दिसला म्हणून आपल्या मनानं बंद करू नका. निळा, तो धाप लागल्यावरचा. माझ्यासमोर एका पोरानं पंप तोंडात धरला, दाबला, आणि अर्धं औषध पांढऱ्या वाफेसारखं नाकासमोरून उडून गेलं, आईला वाटत होतं वर्षभर औषध चालू आहे! स्पेसर लावा, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, औषध त्यात थांबतं आणि पोरगं श्वासानं आत ओढतं; पंप हलवून एकेक पफ, मध्ये चार-पाच श्वास. रोजच्या पंपानंतर चूळ भरून थुंकायची.

निळा पंप डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे देऊनही धाप उतरत नाही, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जातीय, एक वाक्य सलग बोलता येत नाही, तर सकाळची वाट बघू नका, १०८ ला फोन करा.

आणि किल्ला करू दे की! फक्त माती आधी पाणी मारून ओली करा, गेल्या वर्षीचं कोपऱ्यात पडलेलं कुबट पोतं वापरू नका, त्यावरची बुरशी वाईट. मावळे त्यानंच मांडायचे, पण शेजारची पोरं किल्ल्यावर सापाची गोळी पेटवायला लागली की त्याला आत बोलवा. आवाज नाही म्हणून लोक ती निरुपद्रवी समजतात, धूर मात्र लई बेकार.

प्रश्न : फटाक्यांच्या धुरात तोंडाला रुमाल बांधला तर चालतं का? आणि दम लागल्यावर गरम पाण्याची वाफ?
– एक आजोबा, राजारामपुरी

उत्तर : रुमालानं झाडतानाची जाड धूळ थोडी अडते, धुराचे बारीक कण आरपार जातात. एन-९५ मास्क, तोही कडेनं फट न राहता बसला तर. वाफेनं नाक मोकळं वाटतं, दमा उतरत नाही, वर पातेलं कलंडून भाजायची भीती. लक्ष्मीपूजनाला खिडक्या लावून घ्या, उदबत्ती एकच लावा आणि निळा पंप उशाला ठेवा, कपाटात कुलूप लावून नको.