प्रलय, कल्पांत आणि जगबुडी

अणुयुद्धावरील एका लेखाचा अनुवाद करणाऱ्या वाचकाने विचारले आहे की, मानवी संस्कृतीच्या अंतासाठी ‘प्रलय’, ‘कल्पांत’ आणि ‘जगबुडी’ यांपैकी कोणता शब्द वापरावा, की तिन्हींचा अर्थ एकच आहे. अर्थ एक नाही, आणि माझ्या मते अणुयुद्धाला यांतला एकही शब्द नीट बसत नाही.

‘प्रलय’ हा शब्द ‘ली’ या संस्कृत धातूपासून आला आहे. ली म्हणजे विरघळणे, मिसळून जाणे; ‘लय’, ‘विलीन’, ‘तल्लीन’ हे शब्द त्याच धातूचे. प्रलयात जग जिथून आले तिथे परत विरते: पृथ्वी पाण्यात, पाणी तेजात, तेज वायूत, वायू आकाशात, असा क्रम पुराणांनी सांगितला आहे आणि विरलेले पुन्हा प्रकट होणार हेही त्यात गृहीत धरले आहे. पुराणांतल्या चार प्रलयांपैकी ‘नित्य’ म्हणजे जीवांचे रोजचे मरण आणि ‘आत्यंतिक’ म्हणजे चक्क मोक्ष. दासबोधाच्या दहाव्या दशकात समर्थांनी पाच प्रलय सांगितले आहेत, त्यांत झोपसुद्धा आहे. जो शब्द झोपेलाही लागू पडतो, त्यात नाशापेक्षा मावळण्याचा अर्थ अधिक आहे, असे मला वाटते.

‘कल्पांत’ हे मुळात काळाचे माप. कल्प म्हणजे ब्रह्मदेवाचा एक दिवस, म्हणजे १००० महायुगे किंवा ४३२ कोटी वर्षे. तो सरला की ‘नैमित्तिक’ प्रलय होतो, म्हणून हे दोन शब्द एकमेकांच्या जागी येऊ लागले. मराठीने मात्र कल्पांताला आपले वेगळे वळण दिले. ‘हे कल्पांतीही घडणार नाही’ यात तो ‘कधीच नाही’ एवढेच सांगतो, आणि ‘पोराने रडून कल्पांत केला’ यात तर त्याचा जगाशी काही संबंधच उरत नाही.

‘जगबुडी’ हा अस्सल घरचा शब्द. त्यात पाणी आहेच, पण आपल्याकडे सूर्य, धंदा, उधारी, शाळा हे सगळे पाण्यावाचूनच बुडते, आणि ‘आप मेला, जग बुडाले’ या म्हणीतही पाण्याचा थेंब नाही. खेडजवळच्या नदीचे नावच जगबुडी असल्याने दर पावसाळ्यात ‘जगबुडीने धोक्याची पातळी ओलांडली’ अशी बातमी येते, आणि नवख्या माणसाला ती क्षणभर दचकवते. पुराणांच्या वर्णनात मात्र पाणी अगदी शेवटी येते. आधी शंभर वर्षांची अनावृष्टी, मग सूर्याचा दाह, मग सर्व जाळणारा अग्नी, आणि त्यानंतर मेघ. त्यातला पूर आपल्या बोलण्यात ठळक राहिला आणि आग मागे पडली. भीमरूपी स्तोत्रात मुले ‘काळाग्नि काळरुद्राग्नि’ म्हणतात, तो हाच अग्नी.

आता मूळ प्रश्नाकडे. मोठ्या अणुयुद्धात जळत्या शहरांची काजळी वर जाऊन ऊन अडवील, हवा गार पडेल, पिके बुडतील आणि बॉम्बपासून लांब असलेली माणसेही उपाशी मरतील, ही शास्त्रज्ञांची भीती आहे. यात पृथ्वी कशातही विरत नाही. ती जागेवर राहते आणि माणूस जातो. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी मेक्सिकोच्या युकातान भागात लघुग्रह आदळला, तेव्हाही असेच झाले: डायनोसॉर संपले, पृथ्वी राहिली. अशा अंताला ‘उच्छेद’ हा शब्द नेमका आहे, कारण त्यात ‘छिद्’, म्हणजे तोडणे, हा धातू आहे, आणि तुटलेले पुन्हा जोडले जाण्याची हमी त्यात नाही. म्हणून ‘अणुयुद्धाने प्रलय येईल’ असे न लिहिता ‘अणुयुद्धाने मानवजातीचा उच्छेद होईल’ असे लिहावे. माणसे उरतील पण राज्ये, शहरे, विद्या संपतील असे म्हणायचे असल्यास ‘संस्कृतीचा विनाश’ म्हणावे. महापुराला ‘जलप्रलय’ म्हणणे आता इतके रुळले आहे की, त्याला मी हरकत घेणार नाही.