घर नुकतंच विश्वासात आलंय पण हाल तसेच आहेत, कसं निभवायचं?

ताई, तुम्ही लिहिलंय की सहा महिने झाले तुम्ही नवरा-बायको येशूला मानायला लागले, मिस्टरांचं काम सुटलं ते सुटलेलंच आहे, गटाचं कर्ज तसंच, दीर-जाऊ बोलत नाहीत, सासूबाईंच्या देव्हाऱ्यावरून रोज कटकट, आणि प्रार्थनेला येणारे म्हणतात विश्वास वाढवा म्हणजे सगळं होईल. वरून पोळा आला, मुलगा लाकडाचा नंदी मागतोय, त्याला काय सांगू. काल रात्री वाचलं आणि मला झोपच नाही आली कारण यातली एकूणएक गोष्ट आमच्या घरात होऊन गेलीय, म्हणून आज शिलाई बाजूला ठेवून लिहायला बसली.

आम्ही नागपूरचे, पाचपावलीत भाड्याच्या दोन खोल्या, मी ब्लाऊज शिवते, पिको-फॉल करते. मिस्टर तेव्हा इतवारीकडे फर्निचरला पॉलिश करायच्या कामावर होते, रोजचे रोज रोख पैसे. ८ नोव्हेंबर २०१६ ला रात्री नोटा बंद झाल्या आणि पंधरा दिवसात मालकाने हात वर केले, त्याच्याजवळच द्यायला नव्हतं. डिसेंबरात अशी वेळ आली की तेलाची पिशवी पण उधारीवर मिळेना. शेजारी एक काकू राहायच्या, जुन्या ख्रिस्ती, त्या संध्याकाळी पदराआड तांदूळ न् तुरीची डाळ घेऊन यायच्या, ठेवायच्या आणि जायच्या. आठ-दहा दिवस येशूचं नाव पण नाही काढलं त्यांनी. मीच विचारलं, काकू तुम्ही काऊन देऊन राहिल्या, तुमच्याच घरी कुठं जास्त आहे. मग त्यांनी सांगितलं ते कोणासाठी करतात. तिथून सुरू झालं. मी आधी, वर्षभराने मिस्टर, आणि २०१८ च्या ईस्टरला दोघांचा बाप्तिस्मा.

आता खरं सांगते. बाप्तिस्मा झाला आणि मला वाटलं आता बरे दिवस येणार. त्याच वर्षी दिवाळीच्या सुमारास मिस्टरांना खोकला लागला तो जाईचना, वजन उतरलं, संध्याकाळी ताप, मेडिकलला, म्हणजे इथल्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, थुंकी तपासली तर टीबी निघाला. गोळ्या फुकट मिळतात, सहा महिन्यांचा कोर्स असतो, पहिले दोन महिने चार औषधं एकत्र आणि पुढचे चार महिने तीन. दोन महिन्यात माणूस उठून बसतो, खोकला थांबतो, भूक लागते, आणि धोका नेमका इथंच असतो कारण जंतू मेलेले नसतात आणि माणसाला वाटते आपण बरे झालो. आमच्याकडे तेच झालं. घरच्या प्रार्थनेला बाहेरून एक भाऊ यायचे, ते म्हणाले प्रभूने हात ठेवलाय तर आता गोळी कशाला, गोळी खाणं म्हणजे शंका घेणं. मिस्टरांनी माझ्या चोरून गोळ्या बंद केल्या. मला कळलं कसं तर त्या औषधाने लघवी नारिंगी होते, ती त्यांची परत साधी दिसायला लागली. भांडण झालं, रडारड झाली, तोवर महिना होत आला होता आणि खोकला परत. दुसऱ्यांदा तपासलं तेव्हा डॉक्टर म्हणाले मधेच सोडलेल्या टीबीवर कधी कधी नेहमीची औषधं चालत नाहीत. रिपोर्ट येईपर्यंतचे ते दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. रिपोर्ट चांगला आला, औषधं लागू पडणार होती, पण कोर्स पहिल्या दिवसापासून परत सुरू.

आणि त्याच आठवड्यात जाऊबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, कुळाची देवी टाकली ना, कोराडीच्या मायचा कोप झाला, भोगा आता. दोन दिवसांनी ते प्रार्थनावाले भाऊ म्हणाले, बहीण, तुमच्या विश्वासात कुठंतरी कमी आहे. मी रात्री मशीनवर बसली होती, दुसऱ्या दिवशी मंगळवार, आमच्या पण गटाच्या कर्जाच्या किस्तीचा दिवस, आणि एकदम डोक्यात आलं की हे दोघं तर एकच बोलून राहिले. एक म्हणते देव सोडला म्हणून आजार, दुसरा म्हणते देव नीट धरला नाही म्हणून आजार. दोघांच्या हिशोबात आजार म्हणजे घरातल्या कोणाची तरी चूक, आणि गरिबी म्हणजे पण चूकच. ताई, तुमच्या घरात सध्या हेच होऊन राहिलं असं मला तुमचं वाचून वाटलं. बाहेरचे दोन्हीकडून तेच सांगतात आणि मग नवरा-बायको एकमेकांकडे बघतात की चूक तुझी का माझी.

मी दुसऱ्या दिवशी आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांकडे गेली, म्हातारे आहेत, रिटायर मास्तर. त्यांनी योहानाचा ९ वा अध्याय काढून दिला, म्हणाले वाच. जन्मापासून आंधळा माणूस, शिष्य विचारतात पाप कोणी केलं, याने का याच्या आईबापाने, आणि येशू म्हणतो यानेही नाही आणि याच्या आईबापानेही नाही. मी तिथंच बाकावर बसून रडली. मग ते म्हणाले, आणि गोळ्यांचं विचारशील तर लूक, ज्याचं शुभवर्तमान आपण नाताळात वाचतो, तो स्वतः वैद्य होता, पौल त्याला प्रिय वैद्य म्हणतो. सकाळची गोळी हातावर घे, आभार मान, पाणी पी, झाली प्रार्थना. तेव्हापासून सहा महिने रोज सकाळी मिस्टर गोळ्या घेताना मी समोर उभी राहायची. टीबीच्या पेशंटला आहारासाठी सरकारकडून खात्यात पैसे येतात, २०१८ पासून महिना ५०० होते, आता १००० केलेत, त्यात आम्ही अंडी न् फल्लीदाणे आणायचो. तुमच्या घरी कोणाचीही औषधं चालू असतील, शुगरची, बीपीची, फिटची, कोणाच्याही सांगण्यावरून सोडू नका, माझी हात जोडून विनंती आहे.

पैशाचं पण तसंच. मिस्टर नवीन नवीन विश्वासात, उत्साह खूप, किस्त थकली असताना दशांश म्हणून, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा देवाला, पाकिटात पैसे टाकून घेऊन गेले. पाळकसाहेबांनी पाकीट परत हातात दिलं, म्हणाले आधी गटातल्या बायांचे फेडा, तुमच्यामुळे त्यांना भरावं लागू नये. गटकर्जात एकीने नाही भरलं की बाकीच्यांवर येते हे तुम्हाला माहीतच आहे. उलट जो कोणी कर्जात असलेल्या घराकडून आशीर्वादासाठी पैसे मागत असेल त्याच्यापासून सांभाळून राहा, मग तो कितीही गोड बोलो.

आता सासूबाई. आमच्या इथं प्रार्थनेतल्या काही जणांचं म्हणणं होतं की देव्हारा काढून टाका, एका घरात दोन चालत नाही. मी पण येडी, एका दिवशी स्वयंपाकखोलीतून उचलून बाहेरच्या खोलीत फळीवर ठेवला. त्यावर सासूबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. म्हणाल्या, तुमचा येशू तुमच्यापाशी ठेवा, माह्या देवाले हात लावजो नको. बरोबरच होतं त्यांचं. तो देव्हारा त्यांच्या माहेरचा, मी त्याला हात लावायला माझा होता का? मी जाऊन होता तिथं ठेवला आणि माफी मागितली. जे आपलं आहे ते आपण सोडू शकतो, आईचं आपण कोण सोडणारे.

खरी अडचण नवरात्रात आली. दरवर्षी मिस्टर त्यांना कोराडीला देवीच्या दर्शनाला न्यायचे, पंधरा किलोमीटर आहे इथून, गुडघे गेलेले, एकट्या जाऊच शकत नाहीत. त्या वर्षी मिस्टर म्हणाले मी नाही जाणार. सासूबाई कोणाला काहीच बोलल्या नाहीत, फक्त एकदा भांडे घासता घासता स्वतःशीच म्हणाल्या, मले कोण घेऊन जाईन आता. ते मला सहन नाही झालं. परत पाळकसाहेब. या वेळी त्यांनी २ राजे, ५ वा अध्याय दाखवला, नामान, परक्या राजाचा सेनापती. कोड बरं झालं, इस्राएलाच्या देवाला मानायला लागला, पण जाताना अलीशा संदेष्ट्याला म्हणतो, माझा धनी त्याच्या रिम्मोन देवाच्या देवळात जातो तेव्हा माझ्या हाताचा आधार घेतो, मला तिथं वाकावं लागते, तेवढी मला क्षमा असो. आणि अलीशा रागावत नाही, शांतीने जा म्हणतो. मी पाळकसाहेबांना विचारलं मग मी जाऊ का, ते म्हणाले, हात कोणाला द्यायचा आहे ते बघ. मी गेली. सासूबाईंचा एक हात माझ्या खांद्यावर, दुसऱ्यात ओटीचं सामान, गर्दीत त्यांना आत नेलं, मी हात जोडले नाही, त्यांना धरून उभी राहिली. त्यांनी पण मला काही म्हटलं नाही. येताना ऑटोत झोपल्या माझ्या खांद्यावर. तेव्हापासून दर नवरात्रात मीच नेते. मंडळीतल्या काहींना आजही हे पटत नाही, त्यांचा मी मान ठेवते, पण माझं मन साफ आहे.

महालक्ष्म्यांचं असं की पहिल्या वर्षी आम्ही गेलोच नाही, आणि जाऊबाईने सोळा भाज्या, आंबील, पुरणपोळ्या सगळं एकटीने केलं. विचार करा, त्यांना राग आमच्या येशूचा होता का एकटीच्या कंबरेचा? दुसऱ्या वर्षी मी आदल्या दिवशीच गेली, आधीच सांगितलं की आरतीला आणि पूजेला मी उभी राहणार नाही, पण निवडणं चिरणं वाटणं सगळं माझ्याकडे. सांगून ठेवलं की ऐनवेळी तोंड फुगवायची पाळी येत नाही. तुम्ही पण आधीच सांगा, आणि काय करणार नाही याच्या आधी काय करणार ते सांगा.

तुमच्या मिस्टरांचे वडील अजून येशूला मानत नाहीत म्हणून पण तुम्ही काळजीत आहात. घाई नका करू. आपल्या नागपूरचीच गोष्ट आहे, ख्रिस्ती कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक इथं राहून गेलेले, नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत एका साहेबाने त्यांना नवा करार दिला, १८९३ ची गोष्ट, आणि १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या बायको लक्ष्मीबाई किती दुखावल्या होत्या, दोघं वेगळे राहिले, आणि त्यांनी स्वतः १९०० साली बाप्तिस्मा घेतला, स्वतःच्या मनाने, नवऱ्याने म्हटलं म्हणून नाही. पाच वर्षं. तुमचे तर सहा महिने झालेत.

एक कागदाचं पण सांगते कारण आमच्या मंडळीतल्या एका घरी पोरीच्या स्कॉलरशिपच्या वेळी फार पळापळ झाली. अनुसूचित जातीचा दाखला असेल तर १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे ख्रिस्ती झाल्यावर तो दर्जा राहत नाही, त्यात हिंदू, १९५६ पासून शीख आणि १९९० पासून बौद्ध एवढेच येतात. अनुसूचित जमातीला धर्माची अशी अट नाही. हे कोणी आधी सांगत नाही, बाप्तिस्म्याच्या वेळी पण नाही. मला हे अन्यायाचं वाटते, पण आहे ते आहे, मुलं शिकत असतील तर माहिती असलेल्या वकिलाला नीट विचारा आणि कागदावर खोटं लिहू नका.

आणि नंदी. आमचा मुलगा तेव्हा सात वर्षांचा. पहिल्या वर्षी आम्ही तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या पोरांच्या पोळ्याला, त्याला पाठवलं नाही, गल्लीतली सगळी पोरं नंदी सजवून घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागत फिरत होती आणि हा खिडकीच्या गजाला धरून बघत होता. रात्री मला म्हणाला, आई, येशूला बैल नाही आवडत का. ताई, त्या प्रश्नाने मला जेवढं हलवलं तेवढं कोणाच्या टोमण्याने नाही. येशू जन्मला तो गोठ्यात, हे याला मीच शिकवलेलं. पुढच्या वर्षी मिस्टरांनी माळ्यावरचा नंदी काढला, एक चाक तुटलेलं होतं ते बसवलं, पॉलिश केलं, शेवटी हातात कला ती होतीच, असा चमकवला की गल्लीत तसा नव्हता. पूजा नाही केली, घुंगरू बांधले आणि पोराला पाठवलं. पस्तीस रुपये बोजारा घेऊन आला.

पॉलिश सुटलं ते सुटलंच, छातीला सोसत नाही, मिस्टर आता भाड्याचा ई-रिक्षा चालवतात. कर्ज २०२२ ला फिटलं, मधे एकदा परत काढावं लागलं. सासूबाई अजून कोराडीच्याच आहेत, पण रात्री आम्ही प्रार्थनेला बसलो की टीव्हीचा आवाज कमी करतात. जाऊबाईशी चांगलं आहे. दीर अजून माझ्याशी सरळ बोलत नाहीत, काही असलं की पोराच्या तोंडून निरोप. दर नाताळला मी त्यांच्याकडे करंज्या न् केकचा डबा पाठवते, आणि तो डबा आजवर कधी रिकामा परत आला नाही.