सोपा म्हणून सोडलेला विषय

माण तालुक्यातील एक गृहस्थ जून महिन्याच्या अखेरीस मुलीला आणि आपल्या वडिलांना घेऊन माझ्याकडे आले, तेव्हा गुणपत्रिका त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून आणली होती. (ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.) आईच्या लांबलेल्या आजारपणामुळे मुलीची शाळा नववीत सुटली होती आणि तिने राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून, म्हणजे लोक ज्याला ‘एनआयओएस’ म्हणतात तिथून, मराठी माध्यमातून दहावीची परीक्षा दिली होती. मराठी, इंग्रजी, गृहविज्ञान आणि चित्रकला हे विषय सुटले होते. राहिला होता तो सामाजिक शास्त्र. त्यात तिला २६ गुण होते आणि उत्तीर्ण होण्यासाठी ३३ टक्के लागतात.

“मॅडम, इंग्रजीची धास्ती होती म्हणून तिला क्लास लावला. इतिहास-भूगोल काय, घरी बसून वाचला की झाला. बाहेरून परीक्षा द्यायला लावली हेच चुकलं का आमचं?” वडिलांनी विचारले. हा प्रश्न मला दर वर्षी पाच-सहा पालक विचारतात आणि त्यात नेहमी दोन भीती एकमेकींत गुंतलेल्या असतात: प्रमाणपत्राला किंमत आहे का, आणि मूल एकटे अभ्यास करू शकेल का.

पहिल्या भीतीचे उत्तर मी लगेच देऊन टाकते. ही संस्था केंद्र सरकारच्या शिक्षण मंत्रालयाखाली काम करते, तिचे दहावीचे प्रमाणपत्र पुढील प्रवेशासाठी ग्राह्य धरले जाते आणि सुटलेले विषय जमा राहतात. एकदा घेतलेला प्रवेश पाच वर्षे चालतो, त्यात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. त्यामुळे या मुलीला ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या परीक्षेत फक्त एक पेपर द्यायचा होता. गणित आणि विज्ञान घेतलेले नसल्यामुळे विज्ञान शाखेचा रस्ता बंद आहे, हेही मी त्यांना स्पष्ट सांगितले. राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसण्याचा अर्ज, भरला असता, तर गणित-विज्ञानासह सगळे विषय द्यावे लागले असते आणि घरची परिस्थिती पाहता तो भार तिला झेपला नसता.

दुसऱ्या भीतीसाठी मी तिचे पुस्तक मागून घेतले. पहिल्या प्रकरणापासून शेवटपर्यंत जवळजवळ प्रत्येक ओळ पिवळ्या पेनाने रंगवलेली होती, इतकी की न रंगवलेले वाक्यच उठून दिसत होते. गृहपाठ, ज्याला तिथे टीएमए म्हणतात आणि ज्याला २० टक्के भारांश असतो, तो तिने बाजारात मिळणाऱ्या तयार उत्तरांवरून उतरवून काढला होता. अभ्यासकेंद्र लांब असल्यामुळे तिथे होणाऱ्या संपर्क वर्गांना, म्हणजे शिक्षकांसमोर बसून शिकण्याच्या तासांना, ती दोनदाच गेली होती. म्हणजे वर्षभरात या विषयावर ती कुणाशी बोलली नव्हती आणि स्वतःचे एकही उत्तर तिने लिहिले नव्हते.

मी तिला विचारले, “ग्रामसभा म्हणजे काय?” तिने व्याख्या घडाघडा म्हणून दाखवली, ७३वी घटनादुरुस्ती, १९९२, तेही सांगितले. मग मी विचारले, “तुमच्या गावात शेवटची ग्रामसभा कधी झाली?” ती गप्प झाली. कोपऱ्यात बसलेले आजोबा म्हणाले, “एक मेला. मी होतो की.”

त्या एका वाक्यावर आम्ही पुढचे चार महिने आखले. तिने रोज संध्याकाळी आजोबांना एक मुद्दा पुस्तक मिटून सांगायचा, आजोबांनी तो खोडून काढायचा प्रयत्न करायचा आणि मग तिने त्यावर वेळ लावून एक उत्तर लिहायचे. प्रामाणिकपणे सांगायचे तर पहिले दोन आठवडे फुकट गेले, कारण आजोबा ऐकता ऐकता झोपत असत. नंतर पर्जन्यछायेचा प्रदेश आला. महाबळेश्वरला धो-धो पाऊस आणि त्याच जिल्ह्यात माणला टँकर, हे तिला पाठ होते. पण ढग सह्याद्री ओलांडून खाली उतरताना कोरडे का पडतात हे आजोबांना पटवताना तिला स्वतःला आधी समजून घ्यावे लागले. आजोबांनी मग बहात्तरच्या दुष्काळातली खडी फोडण्याची कामे सांगितली. ती तिने वहीत लिहून घेतली.

पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेला ती आजोबांबरोबर गेली. वय अठरा नसल्याने मतदार यादीत तिचे नाव नव्हते, त्यामुळे ती कडेला बसली. पुढच्या भेटीत तिने मला विचारले, “सरपंच बाई आहेत, पण सगळी उत्तरं त्यांचे मिस्टर देत होते. हे नियमात बसतं का?” आपल्या राज्यातील पंचायतींत महिलांसाठी निम्म्या जागा राखीव आहेत, हे तिने पुस्तकात पिवळे केलेच होते, त्या ओळीवर तिला प्रश्न मात्र आता पडला. मी तिला उत्तर दिले नाही. ते तिने दोन पानांत लिहून आणले. त्यात शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ होत्या आणि एकही वाक्य तयार उत्तरांतले नव्हते.

सगळ्याच घरांत असे आजोबा नसतात, हे मला ठाऊक आहे. एका मुलाच्या बाबतीत आम्ही मावशीला फोनवर मुद्दे सांगण्याची सोय केली होती, आणखी एकाने ते स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून संपर्क वर्गातल्या मित्राला पाठवले. ऐकणारा शिकलेलाच असला पाहिजे असेही नाही, मात्र ‘म्हणजे काय?’ असे विचारण्याचा त्याला कंटाळा नसावा.

ऑक्टोबरच्या परीक्षेत तिला ५७ गुण मिळाले. निकाल कळवायला वडिलांनी फोन केला, तेव्हा प्रमाणपत्राच्या किमतीबद्दल त्यांनी काही विचारले नाही. बारावीही इथूनच करायची आणि इतिहास घ्यायचा असे ठरत होते. संपर्क वर्ग कोणत्या वारी असतात, म्हणजे त्या दिवशी गाडीची सोय करता येईल, एवढेच त्यांना हवे होते.