अवकाळी पाऊस आणि द्राक्षबाग

प्रश्न : गेल्या हंगामात फुलोऱ्यातच अवकाळी पाऊस आला, घडकूज झाली. दोन एकरांवर प्लास्टिकचं आच्छादन घालू का? – एक बागाईतदार, निफाड

उत्तर : दादा, आच्छादनाचा खर्च मोठा आहे, कर्ज काढून नका घालू. आधी छाटणी विभागा. मी गोडी छाटणी, म्हणजे घड धरण्यासाठीची छाटणी, एका झटक्यात उरकायचे; आता सप्टेंबरअखेरपासून तीन टप्प्यांत करते, म्हणजे सगळी बाग एकाच पावसात सापडत नाही. सर थांबली की मांडवाच्या तारा हलवून घडांतलं पाणी झाडते. बोटं गारठतात, पण घड वाचतो.

आणि पाण्याचं एकट्याने जमत नाही हो! नगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार गाव दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवतं. तुमच्या ग्रामसभेत हा विषय घ्याच. ओढ्याकाठची करंजं मात्र कुणाला तोडू देऊ नका.