विश्रामबागेतला मोठा गाळा की कापड पेठेतला छोटा?

सांगलीच्या एका ताईंचा प्रश्न आहे. घरी ब्लाउज शिवतात, आता मॅचिंग सेंटर, म्हणजे साडीला जुळणारं ब्लाउजपीस, अस्तर, फॉल विकायचं दुकान काढायचंय. शिल्लक 7 लाख. दोन जागा पाहिल्यात. विश्रामबागेत नव्या कॉम्प्लेक्समध्ये 320 चौरस फूट, भाडं 22,000, डिपॉझिट 2 लाख. कापड पेठेजवळच्या बोळात 130 चौरस फूट, पोटमाळ्यासह, भाडं 11,000, डिपॉझिट 1 लाख. मिस्टरांचं म्हणणं, मोठी घेऊ, वाढायला जागा राहील.

ताई, मी पेठेतला गाळा घेईन. मात्र दोन-तीन अटी घालून.

तुमचं गिऱ्हाईक पिशवीत साडी घेऊन येतं. साडी घेतली, फॉल-अस्तर घेतलं, टेलरकडे टाकलं, की एका फेरीत काम उरकतं. तो रस्ता पेठेतूनच जातो. विश्रामबागेत वर्दळ आहे, पण ती मोबाईल, औषधं, खाण्याची. त्यातली कितीजणी हातात साडी घेऊन जातात, ते एका शनिवारी संध्याकाळी तिथे उभं राहून बघा.

आता हिशेब. तुम्ही विक्रीवर 30 टक्के मार्जिन सांगितलंय, तेच धरते. मोठ्या जागेत भाडं 22,000, एक मुलगी हाताखाली 9,000, लाईट वगैरे 4,000, आणि घरात न्यायला तुम्हाला हवेत ते 20,000. झाले 55,000. म्हणजे महिन्याला सुमारे 1,83,000 ची विक्री, 26 दिवस धरले तर रोज 7,000 च्या पुढे. पेठेत एकट्या सांभाळाल तर भाडं 11,000, लाईट वगैरे 2,000 आणि तुमचे 20,000, मिळून 33,000. रोज साधारण 4,200 ची विक्री पुरते. एका बाईमाणसाचं बिल सरासरी 150 धरलं तर एकीकडे रोज 47 गिऱ्हाइकं, दुसरीकडे 28. नव्या दुकानाला पहिल्या वर्षी 47 म्हणजे फार झाली.

शिवाय कॉम्प्लेक्सचा मालक जीएसटीत नोंदलेला असेल तर भाड्यावर 18 टक्के, म्हणजे 3,960 वेगळे. फक्त माल विकाल आणि वर्षाची उलाढाल 40 लाखांच्या आत राहील म्हणून तुम्ही नोंदणी करणार नाही, तेव्हा ते पैसे परत मिळायचे नाहीत. आणि ते 320 फूट कार्पेट (भिंतींच्या आतलं) की बिल्टअप (भिंती धरून)? टेप घेऊन जा.

मॅचिंगच्या दुकानात जमिनीपेक्षा भिंत कामाची. रुबिया, टू बाय टू ही ब्लाउजची कापडं, अस्तर, परकर, लेस, सगळं उभं रचलं जातं. गिऱ्हाईक काउंटरपलीकडे येतच नाही. दहा बाय तेराच्या गाळ्यात तीन भिंतींना छतापर्यंत रॅक मारले तर माल पुष्कळ बसतो. मोठ्या जागेत डिपॉझिट आणि फर्निचरमध्येच साडेचार लाख जातील. उरलेल्या अडीच लाखांच्या मालात रॅक अर्धे रिकामे दिसतील, आणि “हा रंग नाही” असं दोनदा ऐकलेली बाई तिसऱ्यांदा येत नाही. छोट्या जागेत फर्निचर लाखात बसवा, साडेतीन लाखांचा माल भरा, दीड लाख बाजूला ठेवा.

एक गोष्ट मात्र साडी घेऊन जाऊनच तपासा. ट्यूबलाईटखाली मोरपंखी आणि हिरव्यात फसायला होतं, म्हणून बायका ब्लाउजपीस दारात आणून उजेडात धरतात. बोळात दुपारी बारालाही उजेड नसेल तर तो गाळा तुमच्या कामाचा नाही. तसं असेल तर त्याच भागात दुसरा शोधा.

आता पुराचं. 2019 मध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं, धोका पातळी 45. पेठेत पाणी होतं, 2021 मध्येही आलं. विश्रामबागेच्या बाजूने हा एकच मुद्दा खरा जड आहे, आणि मिस्टरांनी तोच मांडला नाही याचं नवल वाटतं! पेठेतल्या जुन्या दुकानदारांना विचारा, या बोळात भिंतीवर पाणी कुठवर चढलं होतं. पोटमाळा त्या खुणेच्या वर असेल तरच पुढे जा. पावसाळ्यात महाग माल वर, खाली परकर-अस्तर. मालाचा विमा पहिल्या दिवसापासून काढा. छोट्या व्यवसायांसाठीच्या ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ पॉलिसीत पूर धरलेला असतो, पण मालाची रक्कम कमी लिहू नका. हप्ता थोडा वाचतो, पण भरपाईही त्या प्रमाणात कापली जाऊ शकते.

करार लिव्ह अँड लायसन्सचा, तीन वर्षांचा, नोंदणी करूनच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे, तेव्हा “स्टॅम्पपेपरवर भागवू” ऐकू नका. दरवर्षीची भाडेवाढ, मालकाने मुदतीआधी न काढणं, तुम्हाला दोन महिन्यांच्या नोटिसीवर सुटता येणं, आणि पुरामुळे बंद दिवसांचं भाडं माफ, हे चारही लिहून घ्या. शेवटच्या मुद्द्यावर मालक कुरकुरेल. तिथे भाड्यात पाचशे वाढवून दिले तरी चालतील.

ताबा सप्टेंबरअखेरीस मागा. पावसाळ्याचं भाडं वाचेल, आणि दिवाळी-लग्नसराईचा माल लावायला वेळ मिळेल.