ओलंड बेटं फिनलंडची की स्वीडनची? तिथला कारभार कोण बघतं आणि लोकांचं पोट कशावर चालतं?

प्रश्न विचारणाऱ्यांनी लिहिलंय की फिनलंडमध्ये म्हणे एक स्वीडिश बोलणारा प्रांत आहे, त्याचा झेंडा वेगळा, विधिमंडळ वेगळं, मग तो स्वीडनचा का नाही, आणि एवढ्याशा बेटांना हे परवडतं कसं.

मी स्टॉकहोमला राहते. ओलंडला मी तीन वेळा 'जाऊन' आले होते आणि तिन्ही वेळा तिथल्या जमिनीला पाय लावला नव्हता. स्टॉकहोमहून हेलसिंकीला किंवा तुर्कूला निघालेलं मोठं प्रवासी जहाज रात्री ओलंडची राजधानी मारियाहाम्न किंवा तिथल्याच लोंगनेसच्या धक्क्याला लागतं. आपण केबिनमध्ये अर्धवट झोपेत असतो. इंजिनाची घरघर बदलते, पलंगाला बारीकसा हादरा बसतो आणि दहा-पंधरा मिनिटांत जहाज पुन्हा चालू. उतरणारे मूठभर. मग थांबतं कशाला? करासाठी!

फिनलंड 1995 मध्ये युरोपीय संघात गेला तेव्हा ओलंडने स्वतःचं वेगळं सार्वमत घेतलं, होकार दिला, पण एक अट पदरात पाडून घेतली: संघाच्या अप्रत्यक्ष करांच्या हद्दीत आम्ही येणार नाही. पुढे 1999 मध्ये संघातल्या देशांदरम्यानची करमुक्त विक्री बंद झाली. मात्र जहाजाने वाटेत ओलंडला टेकून घेतलं की प्रवास कराच्या हद्दीबाहेरून झाला असं धरतात, आणि दारू-सिगारेटचं दुकान उघडं राहतं. जहाजावर पेट्याच्या पेट्या ढकलत नेणारे आजोबा दिसतात, ते या अटीचे लाभार्थी. गंमत अशी की याच अटीमुळे ओलंडच्या दुकानदाराला स्वीडनहून किंवा खुद्द फिनलंडहून माल मागवला की आयातीचे कागद भरावे लागतात. त्यांची कुरकूर मी दुकानात उभी राहून ऐकलीय.

आता भूगोल. स्वीडन आणि फिनलंडच्या मधल्या बोथनियाच्या आखाताच्या तोंडाशी विखुरलेली 6,700 हून जास्त बेटं, त्यांतली साठेकच वस्तीची. एकूण लोक तीस हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडचं एखादं लहान तालुक्याचं गाव. त्यातले बहुतेक 'फास्ता ओलंड' या मुख्य बेटावर. सोत्तुंगा नावाच्या बेटांच्या नगरपालिकेत शंभरच्या आसपास माणसं राहतात, तरी पालिका स्वतंत्र! रस्ते तांबूस आहेत, कारण डांबरात इथल्याच लाल ग्रॅनाइटची खडी घालतात. (स्वीडनच्या पूर्व किनाऱ्याला जवळपास याच नावाचं दुसरं एक बेट आहे, तिकीट काढताना गल्लत करू नका.)

ही बेटं स्वीडनचीच होती. 1809 मध्ये स्वीडनने फिनलंड रशियाला गमावलं, त्यात हीही गेली. रशियाने इथल्या बोमार्सुंडला मोठा किल्ला बांधायला घेतला. तो पुरा व्हायच्या आत, 1854 मध्ये, क्रिमियाच्या युद्धात इंग्रज-फ्रेंचांनी पाडला. 1856 च्या पॅरिस तहात ठरलं की इथे यापुढे लष्करी बांधकाम नाही. महायुद्धांच्या काळात ते मोडलं गेलं, पण आजही तोच नियम लागू आहे.

1917 मध्ये रशियन साम्राज्य कोसळायला लागलं तेव्हा ओलंडच्या लोकांनी स्वायत्तता मागितली नव्हती. त्यांना स्वीडनला परत जायचं होतं, त्यासाठी त्यांनी सह्यांची मोहीम काढली. स्वतंत्र झालेल्या फिनलंडने 1920 मध्ये स्वायत्ततेचा कायदा करून पुढे केला, तो त्यांनी धुडकावला, आणि युलियुस सुंदब्लूम आणि कार्ल ब्यर्कमन या पुढाऱ्यांना देशद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. प्रकरण राष्ट्रसंघात (आजच्या संयुक्त राष्ट्रांच्या आधीची संघटना) गेलं. जून 1921 मध्ये निकाल लागला: बेटं फिनलंडची, पण भाषा, जमीन आणि स्वतःचा कारभार यांची हमी. म्हणजे फिनलंड, स्वीडन आणि ओलंड या तिघांपैकी ज्यांना ही व्यवस्था सगळ्यात कमी हवी होती, त्यांच्याच गळ्यात ती पडली. 9 जून 1922 ला विधिमंडळाची पहिली बैठक भरली आणि सुंदब्लूम सभापती झाले. आज 9 जूनला तिथे सुट्टी असते. माझ्या मते खरी गोष्ट ही आहे. नको असलेली वस्तू त्यांनी शंभर वर्षं एक-एक कलम वाढवत आपली करून घेतली: 1954 मध्ये झेंडा (स्वीडनच्याच झेंड्यातल्या पिवळ्या क्रूसात लाल क्रूस), 1984 मध्ये टपाल तिकिटं, 1993 पासून आणखी व्यापक कायदा.

विधिमंडळाला 'लागतिंग' म्हणतात, सदस्य 30. शिक्षण, आरोग्य, पोलीस, टपाल त्यांच्याकडे. परराष्ट्र धोरण, न्यायालयं, बरेचसे कर हेलसिंकीकडे, म्हणजे फिनलंडच्या सरकारकडे. त्यांचा कायदा अधिकाराबाहेर गेला तर फिनलंडचे राष्ट्राध्यक्ष चार महिन्यांच्या आत तो अडवू शकतात. कर हेलसिंकी गोळा करते आणि देशाच्या महसुलाचा अर्ध्या टक्क्याच्या आतबाहेरचा वाटा ठोक रकमेने परत देते. तो कसा खर्चायचा, हे लागतिंग ठरवतं.

पण सगळ्याची किल्ली आहे 'हेमबिग्दस्रेत', म्हणजे रहिवासाचा हक्क. तो असल्याशिवाय लागतिंगसाठी मत नाही, उमेदवारी नाही, आणि जमीन घ्यायची किंवा धंदा टाकायचा तर खास परवानगी. बाहेरच्याला तो हवा तर फिनलंडचं नागरिकत्व, पाच वर्षांचा रहिवास आणि पुरेशी स्वीडिश. आणि हेलसिंकीत वाढलेला फिनिश माणूसही इथे 'बाहेरचा'च. उलट मूळच्या माणसाने पाच वर्षं बेटं सोडली तर त्याचाही हक्क जातो. उच्च शिक्षणासाठी मुलं स्वीडनला जातात, तेव्हा आयांना ही काळजी असते. लहानपणापासून हा हक्क असलेल्यांना सक्तीची लष्करी सेवा मात्र माफ.

पोटाचं म्हणाल तर समुद्र. मारियाहाम्नच्या पश्चिम बंदरात 'पोमर्न' नावाचं चार डोलकाठ्यांचं, 1903 मध्ये बांधलेलं जहाज उभं आहे. एके काळी ते इथले जहाजमालक गुस्ताफ एरिकसन यांच्या मालकीचं होतं. वाफेच्या जहाजांचा जमाना येऊन गेला तरी हा गृहस्थ जुनी शिडाची जहाजं स्वस्तात घेऊन ऑस्ट्रेलियातून युरोपात गहू आणत होता. आज वायकिंग लाइन या प्रवासी जहाज कंपनीचं मुख्यालय याच गावात आहे. शिवाय एक बँक, ऑनलाइन जुगाराची सार्वजनिक मालकीची कंपनी (नफा सामाजिक कामांना जातो), पर्यटन, थोडी शेती. फिनलंडच्या बागांतली निम्म्याहून जास्त सफरचंदं इथली.

चौथ्या खेपेला मी खरोखर उतरले. स्वीडनच्या ग्रिस्लेहाम्नहून ओलंडच्या एकेर्योला दोन तासांची बोट आहे, तीच घ्या. बोटीतून उतरून थोडं पुढे गेलात की ऐन खेड्यात राजवाड्यासारखी इमारत दिसते. ते 1828 चं टपाल आणि जकात घर, रशियाने साम्राज्याच्या पश्चिम टोकाला स्वीडनच्या डोळ्यांत भरावं म्हणून बांधलेलं. त्याच्या आधीपासून इथले शेतकरी होड्या वल्हवत टपाल पैलतीरी नेत. हिवाळ्यात अर्धवट गोठलेल्या समुद्रात होडी बर्फावरून ओढायची, बर्फ फुटला की पुन्हा आत उड्या. कित्येक बुडाले. आणि हो, ओलंडचा पॅनकेक खाऊन या: रव्याची किंवा भाताची खीर दाट करून भट्टीत भाजलेली, भरपूर वेलची घातलेली, वर सुक्या आलुबुखाऱ्याचा घट्ट मुरंबा आणि फेटलेली साय. पहिल्या घासाला मला आईच्या हातच्या शिऱ्याचीच आठवण झाली, फक्त तूप कमी होतं.