करंडक म्हणजे नुसता चषक नव्हे

प्रश्न असा : ‘डायटमला मराठीत करंडक म्हणतात असं वाचलं. रणजी करंडकाशी याचा काही संबंध आहे का? आणि इतका जड शब्द कशाला, सरळ शेवाळ म्हटलं तर काय बिघडतं?’

बिघडतं. डायटम म्हणजे पाण्यातले, काचेसारख्या कवचात राहणारे एकपेशीय सूक्ष्म जीव. आपल्याकडे पाण्यात जे काही हिरवं-तपकिरी बुळबुळीत दिसेल ते शेवाळ, आणि तेच टाकीच्या कडेला चिकटलं की बुरशी! जून २०२० मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं तेव्हा ‘शैवालामुळे, शैवालामुळे’ ऐकून कान किटले होते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले तर तो रंग निघाला खारट पाण्यात वाढणाऱ्या आर्कियांचा, म्हणजे जिवाणूंसारख्या दिसणाऱ्या पण त्यांच्याहून वेगळ्या एकपेशीय जिवांचा. ते शेवाळ नाही, वनस्पती नाही, काहीच नाही त्यातलं. तळ्याच्या एका थेंबात चाबूक फिरवत पळणारा युग्लीना असतो, चपलेच्या तळव्यासारखा पॅरामेशियम असतो, ओघळत सरकणारा अमीबा असतो. जर्मन जीवशास्त्रज्ञ हेकेलने १८६६ मध्ये अशा जिवांसाठी ‘प्रोटिस्टा’ हे वेगळं दालन उघडलं; ग्रीकमध्ये त्याचा अर्थ ‘अगदी पहिले’. डायटमही त्याच गोतावळ्यातले. त्यांना सैलपणे शैवाल म्हणतात, ते चालवून घेऊ. पण नाव आहे ना? मग नावाने हाक मारा.

आता करंडक. मूळ संस्कृत ‘करंड’ म्हणजे वेळूची टोपली किंवा पेटी. भर्तृहरीच्या श्लोकात उपाशी साप वेटोळं घालून पडलेला असतो तो करंडातच. फुलांची करंडी त्याच घरातली, आणि कुंकवाचा करंडाही. करंड्याला झाकण असतं आणि ते खालच्या भागावर चपखल बसतं, हे लक्षात ठेवा.

ओढ्यातल्या दगडावरचा तपकिरी थर नखाने खरवडा, थेंबभर पाण्यात कालवा आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरा. पिवळट-सोनेरी होड्या कुणी वल्हवत नसताना पुढे जातात, अडखळतात, मागे येतात. त्यातल्या एका प्रजातीचं नावच नॅव्हिक्युला, म्हणजे छोटी होडी. होडी कुशीवर वळली की एकदम चौकोनी दिसते, आणि तेव्हा कळतं की हे दोन भाग आहेत : वरचं झाकण किंचित मोठं, खालचं त्यात बसलेलं. दोन्ही सिलिकाचे, म्हणजे काचेच्याच द्रव्याचे, आणि त्यांवर जाळीची नक्षी. हा करंडा नाही तर काय आहे?

मजा पुढे आहे. पेशी दुभंगते तेव्हा वाटण्या होतात : एकीला झाकण, दुसरीला खालचा भाग. दोघीही मिळालं त्यालाच झाकण मानतात आणि त्यात बसेल असा नवा खालचा भाग घडवतात. म्हणजे जिच्या वाट्याला खालचा भाग आला, तिचा करंडा आईपेक्षा लहान! पिढ्यान्‌पिढ्या असं आक्रसत गेल्यावर शेवटी बहुतेक जाती काचेचं कवच टाकून देतात, उघड्याने फुगतात आणि पुन्हा पूर्ण मापाचा करंडा बांधतात. माझी तर खात्री आहे, हा मराठी शब्द ज्या कुणी योजला त्याने लहानपणी घरातला करंडा उघडझाप करून मार खाल्लेला असणार. पुरावा विचारू नका.

ग्रीक नावात ही गंमत नाही. ‘डायटम’ म्हणजे दुभागलेला. पाठ्यपुस्तकं बेधडक सांगतात की कवचाचे दोन भाग म्हणून हे नाव. मला पटत नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ द कांदोलने १८०५ मध्ये ‘डायटोमा’ हे नाव रूढ केलं, आणि त्या प्रजातीच्या पेशी कोपऱ्याला कोपरा जोडून नागमोडी साखळी करतात. जागोजागी कापल्यासारखी दिसते ती साखळी. नाव तिच्यावरून पडलं असणार. ‘दोन झाकणं’ ही नंतरची सारवासारव आहे आणि एकाचं पाहून दुसऱ्याने उतरवून घेतलेली आहे.

मराठी शब्द मात्र थेट कवचावर बोट ठेवतो. तरी ‘बोजड, संस्कृताळलेला’ म्हणून नाकं मुरडणारे आहेतच. त्यांच्या आज्यांना करंडा उचलताना कधी बोजड वाटला नव्हता.

हां, रणजी राहिलाच. संबंध आहे, पण चुलत. ट्रॉफीला प्रतिशब्द हवा होता, कुणीतरी करंड्याला ‘क’ चिकटलेला हा शब्द उचलला, आणि आता शाळेतल्या पोरांना करंडक म्हटलं की फक्त दोन कानांचा कप दिसतो.